टाकी फुल केली की गाडी बंद: एका जुन्या ट्रकचं डिबगिंग

या भागाचं लिखित रूप खाली देतोय. ऑडिओत मागे सतत घरघर येतेय, त्याबद्दल आधीच सॉरी. रेकॉर्डिंग मूलला घरी केलंय, आणि धानाच्या सीझनमध्ये राइस मिलचा आवाज येत नाही असं घर मूलमध्ये मला तरी माहीत नाही.

आजचा विषय मोबाईल नाही, ॲप नाही. ट्रक आहे. आमचाच. बाबांनी आणि काकांनी मिळून चार वर्षांपूर्वी घेतलेला जुना सहा चाकी टाटा १६१३, २००७ चं मॉडेल. काका चालवतात, बाबा हिशेब बघतात, आणि मी पुण्यात बसून कोड लिहितो. या दिवाळीनंतर गाडी मधेच बंद पडायला लागली. मूलवरून तांदूळ भरून चंद्रपूरकडे निघायचं, केळझर मागे पडायचं, आणि चिचपल्लीच्या अलीकडे कुठेतरी गाडीचा दम सुटायचा. ॲक्सिलरेटर दाबलेलं, तरी वेग पडतोय. मग दोन-तीन झटके आणि बंद.

ज्यांना तो रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही बाजूंना जंगल आहे आणि या पट्ट्यात वाघ ही बातमी नसते, शेजार असतो. रात्री नऊ वाजता तिथे गाडी बंद पडल्यावर काका टॉर्च तोंडात धरून, खाली वाकून पंपाला हवा काढत बसायचे. क्लीनर पोरगा रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा. हे मला आईकडून कळलं. काकांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "थोडी मिसिंग करते जी, बाकी काही नाई."

चंद्रपूरच्या एका गॅरेजने निदान केलं: कंप्रेशन गेलं, इंजिन खोलावं लागेल. लायनर, पिस्टन, रिंगा, शिवाय पंप कॅलिब्रेशनला. अंदाज सव्वा लाख आणि बारा-पंधरा दिवस गाडी उभी. ऐन भरडाईच्या सीझनमध्ये पंधरा दिवस उभी म्हणजे हप्ता कुठून भरायचा हा प्रश्न. घरात दोन पक्ष पडले. बाबा म्हणे विकून टाकू. काका म्हणे इंजिन करू. मी आठ दिवसांची रजा टाकून आलो, सोबत ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर घेऊन.

हसा. काका पण हसले. या गाडीत तो लावायला जागाच नाही, कारण इंजिनला कॉम्प्युटरच नाही. "तुया लॅपटॉपात नाई दिसनार बाबू, हे कानानं पाहाव लागते."

पण कॉम्प्युटर नसणं ही एका अर्थी चांगली गोष्ट निघाली. या ट्रकच्या इंजिनचं नाव ६९७. नावातच माप आहे: ६ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. याचं धाकटं भावंड ४९७, म्हणजे ४ सिलिंडर आणि तोच ९७ चा बोअर. ६९७ चा स्ट्रोक १२८ मिलिमीटर, गुणाकार केला की ५,६७५ सीसी येतात. हीच मापं मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनची आहेत, आणि तो योगायोग नाही. १९५४ मध्ये टेल्कोने डायमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली, १५ वर्षं तो करार चालला, आणि त्या घराण्याचं रक्त आपल्या रस्त्यांवर पुढे कितीतरी वर्षं धावत राहिलं. अशा इंजिनमध्ये सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. डिझेल कुठून निघतं, कुठे जातं, हे बोट ठेवून दाखवता येतं.

तर आधी तो रस्ता समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

टाकीतून डिझेल रबरी पाइपातून फीड पंपाकडे येतं. फीड पंप म्हणजे मोठ्या पंपाच्या कुशीला बसवलेला छोटा पंप, त्यालाच हाताने दाबायचा प्रायमर असतो. तो टाकीतून डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून पुढे ढकलतो. फिल्टरनंतर मोठा पंप, ज्याला सगळे मिस्त्री आजही 'माइको पंप' म्हणतात. (माइको म्हणजे बंगळुरूची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ ची. २००८ मध्ये नाव बदलून बॉश लिमिटेड झालं, पण गॅरेजमध्ये ते कोणी कळवलेलं दिसत नाही.) हा पंप सहा बारीक लोखंडी नळ्यांतून सहा नोझलना जबरदस्त दाबाने डिझेल देतो. जास्तीचं डिझेल रिटर्नच्या पाइपातून परत टाकीत.

म्हणजे दोन भाग झाले. टाकी ते फीड पंप हा ओढण्याचा भाग. तिथून पुढे सगळा ढकलण्याचा. हे लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी आम्ही काहीच खोललं नाही. गावातले एक म्हातारे मिस्त्री आले, ते आणि मी नुसतं बघत होतो. सकाळी गार इंजिन स्टार्ट केलं. खूप वेळ सेल्फ मारावा लागला, मग पांढरा धूर आला, डोळे झोंबले. जरा गरम झाल्यावर धूर गेला. धुराची भाषा सोपी आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी: एअर क्लीनर चोंदलेला, नोझल गळतंय, नाहीतर टर्बोचा होज फाटलाय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाणी. डोळ्यांना झोंबला तर बहुतेक डिझेल. झोंबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यायची.

मग मिस्त्रींनी चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण उघडलं. रिंगा आणि लायनर झिजले असतील तर इथून भसाभस धूर येतो, झाकण नुसतं ठेवलं तर नाचतं. आमच्याकडे हलकी वाफ होती. अठरा वर्षांच्या इंजिनला तेवढी माफ. गार असताना रेडिएटर उघडून बघितलं, बुडबुडे नाहीत. मग सिलिंडर कटिंग: आयडलवर एकेका नोझलच्या पाइपाचा नट थोडा सैल करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. सिलिंडर काम करत असेल तर इंजिनचा आवाज लगेच लंगडतो. आवाज बदललाच नाही तर तोच आळशी. आमचे सहाही कामसू निघाले.

इथे थांबून एक सांगतो. हे घरी करून बघू नका असं म्हणणार नाही, पण हात त्या नळीच्या तोंडासमोर कधीही नाही. दाबातलं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि मग बोट वाचवायची वेळ येते. फडकं, चष्मा, आणि शेजारी बिडी ओढणारा माणूस नको. आणि कॉमन रेल इंजिनवर, म्हणजे आजकालच्या सगळ्या गाड्यांवर, हा नट सैल करायचाच नाही. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो.

एवढ्यावर मला सव्वा लाखाचं निदान पटेना. साधा विचार करा. लायनर झिजले असतील तर ते रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं थांबल्यावर बरे होतात का? आमची गाडी थांबली, काकांनी हवा काढली, की पुन्हा धावायची. विश्रांतीने झीज भरत नाही. पंपाच्या आतले एलिमेंट झिजले तर गरम झाल्यावर त्रास होतो, हे खरं आहे, कारण गरम डिझेल पातळ होऊन निसटतं. पण मग गरम गाडी सहजासहजी स्टार्ट होत नाही, थंड होईपर्यंत वाट बघावी लागते. आमची लगेच व्हायची.

आमच्या धंद्यात बग आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटचं काय बदललं? काकांना विचारलं. "काहीच नाई बदललं." मी पण मॅनेजरला नेहमी हेच सांगतो. म्हणून मी विश्वास ठेवला नाही. काकांची खिशातली डायरी मागून घेतली.

काकांची डायरी म्हणजे सोनं आहे. तारीख, कुठून कुठे, किती क्विंटल, किती डिझेल, आणि गाडी बंद पडली तर नुसतं 'बंद'. मी सगळं शीटमध्ये टाकलं. दिवाळीनंतरच्या २३ फेऱ्यांत सात वेळा 'बंद'. आणि सातही त्याच दिवशी, ज्या दिवशी टाकी फुल केली होती. टाकी अर्धी असताना एकदाही नाही.

काकांनी लगेच निकाल दिला: पेट्रोल पंपाच्या डिझेलमध्ये पाणी. ऐकायला एकदम बरोबर. फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं, टाकीतलंही घेतलं, रात्रभर ठेवलं. पाणी जड, ते खाली बसतं आणि रेघ दिसते. सकाळी दोन्ही बाटल्यांत रेघ नव्हती. पेट्रोल पंपवाला निर्दोष.

आता माझ्या आवडीचा भाग. कोडच्या हजार बदलांत बग कुठे शिरला हे शोधताना आम्ही मधोमध कापतो. अर्धं चांगलं निघालं की उरलेल्या अर्ध्यात परत मधे कापायचं. ट्रकलाही तेच केलं. टाकीचा पाइप फीड पंपापासून काढला. वीस लिटरचा स्वच्छ कॅन केबिनच्या मागे चेसीला घट्ट बांधला, त्यातून नवा पाइप फीड पंपाला, रिटर्नही त्याच कॅनमध्ये. फिल्टरचा आणि पंपाचा स्क्रू सैल करून प्रायमर मारत राहिलो, बुडबुडे थांबून सलग डिझेल आल्यावर घट्ट केलं. माल भरलेला होताच. दिवसाढवळ्या निघालो, आरामात, मिस्त्री शेजारी.

केळझर गेलं. चिचपल्ली गेली. काका काही बोलत नव्हते. चंद्रपूर आलं.

म्हणजे इंजिन, माइको पंप, नोझल, फिल्टर, फीड पंप, सगळे एका कॅनने सुटले. दोष टाकीकडचा. सव्वा लाख त्या दिवशी वाचले, पण गाडी अजून बरी झाली नव्हती.

टाकी परत जोडली, पण फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक पाइप घातला. गवंडी वापरतात तो लेव्हल पाइप. (फक्त टेस्टपुरता, डिझेलने तो कडक होऊन तडकतो.) इंजिन चालू केलं आणि त्या पाइपात बारीक बुडबुडे पळताना दिसले. डिझेल कुठेही गळत नव्हतं, जमीन कोरडी, पाइप कोरडा. मी गोंधळलो. मिस्त्री म्हणाले, "ओढनारा पाइप गळत नसते, तो पितो." हेच ते ओढणं आणि ढकलणं. ढकलणाऱ्या भागात भेग पडली तर डिझेल बाहेर येतं. ओढणाऱ्या भागात आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी, म्हणून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्री गाडी उभी राहिली की त्याच भेगेतून हवा शिरून डिझेल टाकीकडे मागे सरकतं. म्हणून सकाळी सेल्फ मारत बसायचं. आणि पंपात हवा आली की पंप तिलाच दाबत बसतो, कारण हवा दबते, डिझेल जवळपास दबत नाही. नोझल उघडण्याएवढा दाब तयारच होत नाही.

टाकीजवळच्या क्लिपखाली जुना रबरी पाइप चिरलेला सापडला. नवा पाइप, नव्या क्लिपा, तांब्याचे नवे वायसर. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये स्टार्ट. बाबांनी पेढे आणले. मी व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकलं.

टाकी फुल करून काका संध्याकाळी निघाले, आणि केळझरलाच बंद. आधीपेक्षा लवकर.

खरं सांगतो, तो फोन आला तेव्हा पोटात गोळा आला. अंधार पडलेला, आणि मीच सांगितलं होतं की झालं, जा. बाइक काढून मिस्त्रींना मागे बसवून गेलो. पोचलो तेव्हा काका नेहमीसारखे टाकीचं झाकण उघडत होते, काडी घालून डिझेल किती आहे ते बघायला. झाकण फिरवलं आणि 'फुस्स' असा आवाज झाला. मागोमाग टाकीचा पत्रा 'टण्ण' वाजला.

मिस्त्री आणि मी एकमेकांकडे बघितलं.

झाकणाखाली जाड प्लास्टिक होतं. युरियाच्या पिशवीच्या आतलं, दुहेरी घडी करून. झाकणाचा रबर गेला होता, डिझेल हिंदकळून बाहेर यायचं, म्हणून काकांनी दिवाळीत गाडी धुतली तेव्हा ते लावलं. आधीच्या मालकाचंही होतं, पण ते पातळ आणि फाटकं. काकांच्या लेखी हा बदल नव्हताच, काळजी होती.

टाकीच्या झाकणाला बारीक भोक किंवा व्हॉल्व्ह असतो, कारण डिझेल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी. ते बंद झालं की टाकीत निर्वात व्हायला लागतो, आणि फीड पंपाला त्याच्याशी रस्सीखेच करावी लागते. आता डायरीतलं कोडंही सुटतं. टाकी जवळपास फुल, वर समजा १० लिटर हवा आहे. लोडमध्ये आमची गाडी लिटरला चार-पाच किलोमीटर देते, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये ५ लिटर गेलं. तीच १० लिटर हवा आता १५ लिटर जागेत पसरली, दाब दोन तृतीयांशावर आला. टाकी अर्धी रिकामी असेल तर? ८० लिटरची हवा ८५ लिटरमध्ये. फरक सहा टक्के, गाडीला पत्ताही लागत नाही. फुल टाकी आणि बंद गाडी यांचं नातं डिझेलच्या दर्जाशी नव्हतंच, वरच्या रिकाम्या जागेशी होतं.

आणि पाइप बदलल्यावर गाडी लवकर का बंद पडली? मला वाटतं, आधी त्या चिरेतून शिरलेली हवा रिटर्नमधून टाकीत पोचायची आणि निर्वात थोडा भरून काढायची. एक दोष दुसऱ्याचा उतारा होता, तो आम्ही काढून घेतला. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं समजावायला नको.

महिनाभर प्रत्येक वेळी काका थांबायचे, आधी झाकण उघडायचे, मग प्रायमर मारायचे, गाडी चालू व्हायची. श्रेय प्रायमरला जायचं. गाडी बरी करत होते काकाच, फक्त त्यांना माहीत नव्हतं कुठल्या हाताने.

ते प्लास्टिक हातात घेऊन काका बराच वेळ उभे होते. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. मी काही बोलणार तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "अजी, माया हातानं पन लावली आहेत अशी दहा." खरं की खोटं माहीत नाही. काका हसले आणि सेल्फ मारला.

नवं व्हॉल्व्हवालं झाकण, पाइप, क्लिपा, वायसर, कॅन, मिस्त्रींची मजुरी, सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. त्यानंतर काकांनी तीनदा टाकी फुल करून चंद्रपूर केलंय.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. बघायला जाल तेव्हा इंजिन गार हवं, आधी हात लावून खात्री करा. मालकाने 'तुमच्यासाठी' गरम करून ठेवलं असेल तर चहा घेऊन परत या, उद्या सकाळी जा. ऑइलचं झाकण उघडा, रेडिएटर उघडा (गार असताना!), आणि टाकीचं झाकणही उघडून त्याखाली काय आहे ते बघा. राइस मिलच्या आवारात फिरलेली गाडी असेल तर एअर क्लीनर आधी काढा. भाताच्या तुसात सिलिका असते, ती धूळ आत गेली तर लायनर वाळूने घासल्यासारखे झिजतात.

आमच्या गाडीचं काम संपलेलं नाही. चढावर थोडा काळा धूर आहे, नोझल टेस्टिंगला द्यावे लागतील, ते सीझन संपल्यावर. आणि काकांचा एक प्रश्न बाकी आहे: पावसाळ्यात नव्या झाकणाच्या भोकातून पाणी गेलं तर? त्यासाठी त्यांनी जुनी स्कूटरची ट्यूब कापून झाकणावर टोपी केलीय. मी खालून बोट घालून बघितलं. हवा जाते.